‘उपरोक्त विषयास अनुसरून…’ : कामाच्या मराठीचा इतिहास आणि वर्गातलं पत्रलेखन



‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय विनंती करण्यात येते की…’ हे वाक्य तुम्ही आजवर किती वेळा लिहिलंय? रजेचा अर्ज, दाखल्याचा अर्ज, नळजोडणीचा अर्ज, बँकेतलं पत्र, सगळीकडे हेच. आपण ते पाठ केलंय, मुलांकडूनही पाठ करून घेतो. पण ही भाषा आली कुठून, ती अशीच का आहे आणि त्यातलं काय खरंच उपयोगाचं आहे, हे वर्गात सहसा बोललं जात नाही. आजच्या लेखात तेच समजून घेऊ. शेवटी वर्गात करता येतील असे उपक्रमही दिले आहेत.

कामाचं लेखन म्हणजे काय?

आपण लेखन म्हटलं की निबंध, कविता, कथा असा विचार करतो. पण मोठेपणी बहुतेक माणसं यातलं काहीच लिहीत नाहीत. ती अर्ज लिहितात, हजेरी भरतात, पावती फाडतात, तक्रार करतात, व्हॉट्सअ‍ॅपवर साहेबांना ‘आज येऊ शकत नाही’ असं कळवतात. दुकानदार उधारीची वही लिहितो, आशाताई घरोघरची नोंद करतात, आपण शिक्षक टिपणं, अहवाल, माहितीचे तक्ते भरतो. याला कामाचं लेखन म्हणू.

या लेखनाचा अभ्यास करणारे विद्वान जगभर आहेत. अमेरिकेतल्या कॅरोलिन मिलर यांनी १९८४ साली एक साधा पण महत्त्वाचा विचार मांडला. अर्ज, अहवाल, नोटीस यांचे जे साचे असतात ते नुसते साचे नसतात, ती एक कृती असते. तीच तीच परिस्थिती पुन्हा पुन्हा येते, म्हणून तिला द्यायच्या उत्तराचाही एक ठरलेला आकार तयार होतो. ‘मला रजा हवी’ ही वेळ हजारो लोकांवर येते, म्हणून रजेच्या अर्जाचा आकार ठरतो.

याचा आपल्याला उपयोग काय? साचा शिकवताना आधी ‘हा अर्ज काय काम करतो?’ हे शिकवायला हवं. काम कळलं की साचा आपोआप लक्षात राहतो. काम न कळता साचा पाठ केला, तर परीक्षेत गुण मिळतात, पण कार्यालयात गेल्यावर हात थरथरतो.

आपल्या नालासोपाऱ्याचं जुनं ‘परिपत्रक’

आपल्या भागातली मुलं नशीबवान आहेत. सरकारी लेखनाचा या देशातला एक फार जुना नमुना आपल्या सोपाऱ्यातच सापडला. सम्राट अशोकाच्या शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली इथे मिळाला. पुढे १९५६ मध्ये नवव्या लेखाचा तुकडाही मिळाला. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, आजच्या भाषेत सांगायचं तर, शासनाचं परिपत्रक सोपाऱ्याच्या बंदरात लावलेलं होतं.

यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे भाषा. हे लेख पंडितांच्या संस्कृतात नाहीत. ते प्राकृतात आहेत, लोकांच्या बोलण्याच्या जवळच्या भाषेत. ओडिशातल्या धौली आणि जौगड इथल्या लेखांत तर, हे लेख ठरावीक दिवशी लोकांना वाचून दाखवावेत, अशीही सूचना आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंतही हुकूम पोचला पाहिजे, याची काळजी तेव्हाच्या लिहिणाऱ्यांनी घेतली होती. आजच्या आपल्या शाळेच्या नोटीस बोर्डाकडे बघताना हे आठवावं.

फड, कारकून आणि मोडी

आता मराठीकडे येऊ. मराठीतून राज्यकारभार, हिशेब, न्यायनिवाडे, जमिनीची कागदपत्रं लिहिण्याची परंपरा काही शतकांची आहे. ही कागदपत्रं मोडी लिपीत लिहिली जायची. पोथ्या आणि काव्य बाळबोधीत म्हणजे देवनागरीत, आणि कामाचं लेखन मोडीत, अशी जणू वाटणीच होती. मोडी सुरू करण्याचं श्रेय परंपरेने यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याला देतात.

मोडी ही कामाच्या घाईतून घडलेली लिपी आहे. आधी कागदावर आडव्या रेघा ओढून घ्यायच्या, मग त्या रेघांखाली बोरूने शक्यतो हात न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सहसा करायचा नाही. बाळबोध म्हणजे बालांना बोध होईल अशी सावकाश लिपी आणि मोडी म्हणजे सराईत हाताची. आज आपण घाईत लिहिताना ‘अर्ज क्र.’, ‘दि.’, ‘मा.’ असं जे आखडून लिहितो ना, त्याची सवय तिथलीच. जुन्या पत्रांत ‘सा. न. वि. वि.’ असायचं. म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. आजी-आजोबांच्या पेटीतल्या पत्रांत हे अजून सापडेल.

हे लिहिणारा तो कारकून. हा शब्द फारसीतून आला. कार म्हणजे काम आणि कुन म्हणजे करणारा. आज आपण ‘कारकुनी काम’ असं जरा नाक मुरडून म्हणतो, पण शब्दाचा मूळ अर्थ फक्त ‘काम करणारा’ असा आहे. लिहिणाऱ्याला फारसीत नवीस म्हणतात. त्यावरून आपली कितीतरी आडनावं आली:

- फडणीस : फर्दनवीस, म्हणजे हिशेबाच्या फर्दा, याद्या लिहिणारा
- चिटणीस : चिठ्ठ्या म्हणजे पत्रव्यवहार लिहिणारा
- पारसनीस : फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा
- पोतनीस : पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब लिहिणारा
- कारखानीस : कारखान्यांचा म्हणजे वेगवेगळ्या कोठारांचा, विभागांचा हिशेब लिहिणारा

वर्गात हजेरी घेताना यातलं एखादं आडनाव आलं तर मुलांना जरूर सांगा. त्या आडनावात एका नोकरीचं वर्णन लपलेलं आहे.

या सगळ्या लेखनव्यवहाराचा अलीकडे मोठा अभ्यास केला तो इतिहासकार प्राची देशपांडे यांनी. कोलकात्याच्या समाजविज्ञान अभ्यास केंद्रातल्या या प्राध्यापिका. महाराष्ट्रात इतिहासाची आठवण कशी घडत गेली यावर त्यांचं पुस्तक २००७ साली आलं आणि २०२० साली त्यांना मानव्यविद्येसाठी इन्फोसिस पुरस्कार मिळाला. २०२३ साली आलेलं त्यांचं ‘स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर’ हे पुस्तक मोडी आणि मराठी लेखनव्यवहार यांवर आहे.

त्यांच्या अभ्यासाचा मला भावलेला भाग असा. आपण जुना कागद हातात आला की ‘यात काय लिहिलंय?’ एवढंच बघतो. लढाई कधी झाली, कोण जिंकलं, गाव कोणाला दिलं. पण हा कागद लिहिला कसा, कोणी लिहिला, त्याला लिहायला कोणी शिकवलं, त्याने हाच शब्द का निवडला, हे प्रश्नसुद्धा इतिहासाचेच आहेत. लेखन हे एक कसब होतं. ते शिकावं लागे, त्यावर पोट चाले, आणि ते हातात असणाऱ्याकडे एक प्रकारची सत्ता असे.

हे कसब शिकवणारी हस्तपुस्तकंही होती. त्यांना मेस्तक म्हणत. पत्र कसं लिहावं, कोणाला कोणता मायना घालावा, हिशेब कसा मांडावा, कारकुनाने कसं वागावं, अशी माहिती त्यात असे. म्हणजे आज आपण बाजारातून ‘अर्ज व पत्रव्यवहार मार्गदर्शक’ घेतो ना, त्याचाच पूर्वज.

यातला मायना हा प्रकार मुलांना समजावून सांगण्यासारखा आहे. पत्राच्या सुरुवातीला समोरच्याचा मान बघून ठरलेली शब्दरचना घालायची, ती म्हणजे मायना. वडिलांना तीर्थरूप, लहानांना चिरंजीव, सरदाराला ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’. मायना चुकला तर मान चुकला. शेवटीही ठरलेले शब्द असत: ‘बहुत काय लिहिणे’, ‘लोभ असावा ही विनंती’, किंवा वरिष्ठाचं पत्र असेल तर नुसतं ‘जाणिजे’. पत्राच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीवरूनच कळायचं की कोण वर आणि कोण खाली.

आपल्या वसईशी याचा थेट संबंध आहे. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांविरुद्ध मोहीम केली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला, हे आपण शिकवतो. पण ही मोहीम तलवारीइतकीच कागदावरही लढली गेली. दारूगोळा किती, शिबंदी किती, धान्य कुठून येणार, कोण जखमी झालं, सगळं पत्रांनी कळवलं जात होतं. गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर पेशवे दफ्तरातली निवडक कागदपत्रं ४५ खंडांत छापली. त्यातला एक खंड वसईच्या मोहिमेच्या पत्रांचा आहे. किल्ल्याच्या सहलीला जाताना मुलांना हे सांगितलं की भिंती आणि बुरुजांबरोबर त्यांना छावणीत दिवा लावून लिहीत बसलेला कारकूनही दिसू लागतो.

राजवाड्यांची मोजणी

कामाची मराठी बदलत कशी गेली? याचं एक गाजलेलं उत्तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी दिलं. त्यांनी तीन वेगवेगळ्या काळातले कागद घेतले आणि चक्क शब्द मोजले.

- १६२८ : फारसी २०२ शब्द, मराठी ३४. म्हणजे मराठी सुमारे १४ टक्के
- १६७७ : फारसी ५१, मराठी ८४. म्हणजे मराठी सुमारे ६२ टक्के
- १७२८ : फारसी ८, मराठी ११९. म्हणजे मराठी सुमारे ९४ टक्के

शंभर वर्षांत केवढा बदल! मध्ये शिवाजी महाराजांचा काळ आहे. महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. रघुनाथ नारायण हणमंते यांच्या नावाशी तो जोडला जातो. दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश दहा वर्गांत मांडलेला आहे. राजवर्ग, दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग अशी त्या वर्गांची नावं आहेत आणि त्यातला एक खास लेखनवर्ग आहे. म्हणजे लेखनाच्या कामाचे शब्द हा कारभाराचा वेगळा विभाग मानला होता.

पण इथे थोडं थांबून विचार करू या, आणि पाचवी-सहावीच्या पुढच्या मुलांनाही करू द्या. तीन कागदांवरून सगळ्या मराठीचा निष्कर्ष काढता येईल का? कागद कशाचा आहे, त्यावर आकडा बदलणार. जमाखर्चाचा कागद, न्यायनिवाडा आणि आईला लिहिलेलं पत्र यांत सारखे शब्द येणार नाहीत. आणि फारसी शब्द गेले म्हणता म्हणता किती राहिले बघा. अर्ज, दाखला, तारीख, मुदत, रजा, हजेरी, शिक्का, नक्कल, जमा, वसूल, तहसील, जिल्हा, तालुका, कागद, शाई. दप्तर म्हणजे मूळ कचेरीतल्या कागदांचा गठ्ठा. आज ते आपल्या मुलांच्या पाठीवर आहे!

मोजणीची ही पद्धत मात्र फार छान आहे. ती वर्गात सहज करता येते. पुढे उपक्रमांत सांगते.

छापखाना आला, नंतर राज्य आलं

इंग्रजी अमलात छापखाना आला आणि छपाईसाठी बाळबोध लिपी पक्की झाली. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं. मेजर थॉमस कँडी यांनी शाळेच्या पुस्तकांची भाषा तपासली, विरामचिन्हं रुळवली. ‘शुद्धलेखन’ नावाची गोष्ट आपल्या वर्गात बसली ती इथून. मोडी हळूहळू मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकवली जात होती. तुमच्या गावातल्या अगदी जुन्या जमिनीच्या कागदांवर ती अजून दिसेल. आता ती वाचणारी माणसं शोधावी लागतात आणि घरचाच कागद घरच्यांना वाचता येत नाही.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि लगेच ६ जुलै १९६० ला भाषा संचालनालय सुरू झालं. १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला. आता इंग्रजीत चालणारा कारभार मराठीत आणायचा होता. हजारो शब्द हवे होते. पदनाम कोश निघाला, शासन व्यवहार कोश निघाला. पदनाम कोशावर तेव्हा भरपूर टीका झाली. आचार्य अत्रे यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटलं, असं सांगतात. पण आज सचिव, संचालक, आयुक्त, अभियंता, अधीक्षक, जिल्हाधिकारी हे शब्द कोणाला अवघड वाटतात? वापरले की रुळतात. म्हणून ‘नवा शब्द म्हणजे अवघड शब्द’ असं सरसकट म्हणणं बरोबर नाही.

मग अडचण कुठे आहे?

अडचण शब्दांपेक्षा वाक्यात आहे. ही वाक्यं बघा:

‘योग्य ती कार्यवाही करण्यात यावी.’
‘सदर प्रकरणी दक्षता घेण्यात यावी.’
‘निदर्शनास आणून देण्यात येत आहे.’

प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: कोण करणार? उत्तर मिळत नाही. कर्ता गायब आहे. ‘करण्यात यावी’ म्हटलं की काम कोणाचंच राहत नाही. व्याकरणाच्या तासाला आपण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकवतो. त्याचा खराखुरा उपयोग इथे आहे.

एक शाळेचं उदाहरण घेऊ. पालकसभेची नोटीस अशी असते:

‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, शिष्यवृत्ती योजनेच्या अनुषंगाने शनिवार रोजी सकाळी ९.०० वाजता पालक सभेचे आयोजन करण्यात आलेले असून सदर सभेस आवश्यक त्या कागदपत्रांसह उपस्थित राहण्याची दक्षता घ्यावी.’

अशी एक नोटीस हातात धरून एका मुलीची आई मला विचारत होती, ‘बाई, कागदं म्हणजे नेमकी कुठली आणू?’ ती अडाणी नव्हती. सातवी शिकलेली होती. प्रश्न अगदी बरोबर होता, कारण नोटिशीत त्याचं उत्तरच नव्हतं. तीच नोटीस अशी लिहिता येते:

‘शनिवारी सकाळी ९ वाजता शाळेत पालकसभा आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे आहेत. येताना मुलाच्या आधार कार्डाची आणि बँक पासबुकाची झेरॉक्स आणा. शनिवारी येता आलं नाही तर सोमवारी वर्गशिक्षकांना भेटा.’

दुसऱ्या नोटिशीत मान कमी झाला का? नाही. माहिती वाढली. इंग्लंडमध्ये सोप्या सरकारी भाषेसाठी १९७९ साली लोकांनी मोहीम सुरू केली, अमेरिकेत २०१० साली त्यासाठी कायदाच झाला. सोपी भाषा म्हणजे बालिश भाषा नव्हे. वाचणाऱ्याला पहिल्याच वाचनात आपण काय करायचं ते कळणं, एवढाच तिचा अर्थ.

आपल्या वसई-विरारमध्ये तर याची फारच गरज आहे. पश्चिमेला सामवेदी म्हणजे कादोडी, वाडवळी, कोळी, आगरी बोलणारी घरं. पूर्वेला वारली, मल्हार कोळी, कातकरी पाडे. नालासोपारा-विरारच्या चाळींत घरी हिंदी, भोजपुरी, गुजराती बोलणारी मुलं. यातल्या कितीतरी घरांत कामाची मराठी लिहिणारं आपलं मूल हेच पहिलं माणूस असणार आहे. ज्यांना ती येत नाही ते कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याकडे पैसे मोजतात, किंवा अर्जच करत नाहीत. हक्क असतो, पण कागद नसतो.

साच्यात दोन प्रकारचे भाग असतात

इथे मला या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. अर्जाच्या साच्यात दोन वेगवेगळ्या प्रकारचे भाग असतात.

पहिला प्रकार मान दाखवणारा. ‘सविनय’, ‘मा. महोदय’, ‘आपला आज्ञाधारक’. हे जुन्या मायन्याचे नातेवाईक. नम्रता हवीच, पण एका ‘महोदय/महोदया’ने ती पूर्ण होते.

दुसरा प्रकार अर्जदाराचं रक्षण करणारा. दिनांक, कोणाला लिहिलं ते पद, विषय, आधीच्या पत्राचा संदर्भ, नेमकी मागणी, जोडलेल्या कागदांची यादी, सही, आणि आपल्याकडच्या प्रतीवर घेतलेली पोच. यातलं एकही गाळायचं नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळायला हवी आणि न मिळाल्यास अपील करता येतं. पण मुदत मोजायची कुठून? परिपूर्ण अर्ज कार्यालयात मिळाल्याच्या तारखेपासून, आणि त्या तारखेचा पुरावा म्हणजे पोच. पोच नसेल तर ‘अर्ज आलाच नाही’ म्हणायला कोणीही मोकळं.

आपण वर्गात नेमकं उलटं करतो. ‘आपला आज्ञाधारक’ विसरला तर गुण कापतो आणि पोच हा शब्दही सांगत नाही.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधली एक तरतूद पालकांनी लक्षात ठेवावी. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी मागणी सांगितली, तर ती लिहून काढायला वाजवी ती सर्व मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे. आणि माहिती कशासाठी हवी, याचं कारण देण्याची सक्ती नाही. म्हणजे कायदाही मानतो की लिहिता न येणं हा दोष नाही, आणि त्यापायी हक्क अडता कामा नये.

वर्गात काय करता येईल?

१. *कोण करणार?* (इयत्ता ४ थी पासून) : जुन्या नोटिसा, परिपत्रकं गोळा करा. ‘करण्यात येते’, ‘घेण्यात यावी’ अशा वाक्यांना मुलांनी कर्ता शोधून द्यायचा. ‘पाणी सोडण्यात येईल’ चं ‘पालिका सकाळी ६ वाजता पाणी सोडेल’ करायचं. मुलांना यात फार मजा येते.

२. *एक गोष्ट, दोन चिठ्ठ्या* (३ री पासून) : ‘मी उद्या येणार नाही’ हे एकदा मैत्रिणीला आणि एकदा वर्गशिक्षकांना लिहायचं. काय बदललं, काय तसंच राहिलं, यावर चर्चा.

३. *आधी बोला, मग लिहा* : अर्जातली मागणी मुलाने आधी आपल्या घरच्या बोलीत सांगायची. कादोडीत, वारलीत, हिंदीत, कशीही. मागणी डोक्यात स्पष्ट झाली की मग प्रमाण मराठीत मांडायची. बोली ही अडचण नाही, ती पहिली पायरी आहे.

४. *राजवाडे खेळ* (५ वी पासून) : एक शाळेची सूचना, एक बातमी, एक घरचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश घ्या. संस्कृत, फारसी-अरबी, इंग्रजी आणि देशी शब्द मोजा. टक्केवारी काढा, स्तंभालेख काढा. गणित आणि भाषा एकाच तासात. मूळ शोधायला शब्दकोश जवळ ठेवा.

५. *वर्गाची आवक-जावक वही* : पुस्तक हवं, खिडकी तुटली, जागा बदलून हवी, अशा मागण्या मुलांनी दोन ओळींत लिहून द्यायच्या. क्रमांक, तारीख, पोच द्यायची. आणि आठवड्यात उत्तर द्यायचं, नाही म्हणायचं असेल तरी कारण लिहून. कागदाला उत्तर मिळतं हा अनुभव मुलाला शाळेतच मिळायला हवा.

६. *खरा अर्ज* (६ वी पासून) : शाळेसमोरचा खड्डा, बंद दिवा, गळका नळ. मुलांनी मुख्याध्यापकांमार्फत ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेच्या प्रभाग समितीला अर्ज द्यायचा आणि पोच घेऊन यायची.

७. *घरातला जुना कागद* : आजोबांचं पत्र, जुनी पावती, दाखला यांचा फोटो आणायचा. मायना ओळखायचा, आखडलेले शब्द उलगडायचे. व्यक्तिगत माहिती असेल तर ती झाकून घ्या.

पालकांसाठी थोडंसं

तुमचा अर्ज मुलाकडून लिहून घेत असाल तर नुसतं ‘लिही’ म्हणू नका. आपल्याला काय हवं आहे, कोणाकडे मागायचं आहे, कधीपर्यंत हवं आहे, हे तीन प्रश्न त्याला विचारू द्या. अर्ज झाल्यावर त्याला मोठ्याने वाचायला सांगा. वाचताना तुम्हाला स्वतःला कळला नाही, तर तो पुन्हा लिहायचा. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का घ्या आणि घरात कागदांची एक फाईल ठेवा. ऑनलाइन अर्ज केलात तर अर्ज क्रमांकाचा फोटो जपून ठेवा. तीच तुमची पोच.

मुलाला कविता आली पाहिजे, गोष्ट लिहिता आली पाहिजे, त्याबद्दल वादच नाही. पण उद्या त्याचा पगार अडला, आईचं रेशन कार्ड अडलं, जमिनीच्या कागदात नाव चुकलं, तर त्याला चार स्वच्छ वाक्यं लिहिता आली पाहिजेत, आणि ती कोणाला न घाबरता देता आली पाहिजेत. एकेकाळी हे कसब मोजक्या हातांत होतं. आज ते प्रत्येक हातात देण्याचं काम आपल्या प्राथमिक शाळेकडे आहे.

तुमच्या शाळेत आलेली सगळ्यात अवघड नोटीस कोणती? ती मुलांकडून सोपी करून घ्या आणि दोन्ही शेजारी शेजारी वर्गाच्या भिंतीवर लावा. कोणती वाचायला पालक थांबतात, ते बघा.